लाकडी जमीन: घासण्याआधी तपासा

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत लाकूड डोक्यावर असे आणि माती पायाखाली. खांब, तुळया, दारं लाकडाची. सागवानाचा सातपुडा जवळच. जमीन मात्र मुरूम-माती पसरून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून केलेली. पुढे वर्षानुवर्षं तिला मिळे ते फक्त सारवण. पोपडे निघाले म्हणून अख्खी जमीन कुणी खणत नसे. खड्डा पडला तर तेवढाच बुजवायचा आणि वरून शेणाचा पातळ हात फिरवायचा.

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या पायाखाली ओक नाहीतर मेपलच्या पट्ट्या येतात. काही वर्षांनी चमक गेली की ड्रम सँडर हे घासणी यंत्र भाड्यानं आणून सगळं कोऱ्या लाकडापर्यंत घासण्याचे बेत सुरू होतात. लाकडी जमिनीलाही सारवणाचाच न्याय लावायला हवा. अनेक घरांत झिजलेलं असतं ते वरचं पॉलियुरेथेन. खालचं लाकूड धडधाकट असतं.

घासायला लाकूड किती उरलंय, याचा हिशेब आधी करावा. भरीव ओकची पट्टी साधारण १९ मिलिमीटर जाड असते. पण पट्ट्या एकमेकींत अडकवणारी खाच मध्यभागी असल्यामुळे घासण्याजोगा थर असतो वरचा सहा-सात मिलिमीटरचाच. संपूर्ण घासणीत त्यातला पाऊण मिलिमीटरच्या आसपास भुसा होऊन जातो. नवख्या हातात फिरता ड्रम क्षणभर एका जागी थांबला, तर तिथे खळगा पडतो आणि तो काढायला आजूबाजूचंही लाकूड उतरवावं लागतं. प्लायवूडवर पातळ काप चिकटवलेल्या ‘इंजिनिअर्ड’ पट्ट्यांत तर वरचा खरा थर कधी एक-दोन मिलिमीटरचाच असतो.

तपासणी सोपी आहे. जमिनीतल्या हीटिंगच्या झडपेची जाळी उचलली की पट्टीची कड आणि जाडी दिसते. मग वर्दळीच्या जागी पाण्याचे दोन थेंब टाकावेत. काही मिनिटं ते मण्यासारखे उभे राहिले तर पॉलियुरेथेनचा थर शाबूत आहे. डाग काळपट होऊन आत मुरला तर लाकूड उघडं पडलंय.

थर शाबूत असेल तर बफरला बारीक जाळीचा कागद लावून पृष्ठभाग नुसता खरवडायचा, धूळ पूर्ण काढायची आणि पॉलियुरेथेनचा एक नवा हात द्यायचा. खोली दोन-तीन दिवसांत वापरता येते आणि लाकूड जवळजवळ तेवढंच राहतं. मात्र पूर्वी मेण किंवा तेलकट साबण वापरला असेल, तर नवा थर धरत नाही. म्हणून कोपऱ्यात आधी छोटा नमुना लावून पाहावा.

जिवाचा प्रश्न त्याहून मोठा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात जुना रंग-वार्निश तपासल्याशिवाय यंत्र लावू नये. आणि आपल्या चटणीतलं जवस! लाकडाला लावलेलं त्याचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. चुरगाळून टाकलेल्या तेलकट फडक्यांत ती उष्णता कोंडून ठिणगीशिवाय आग लागते. फिलाडेल्फियातली ‘वन मेरिडियन प्लाझा’ ही ३८ मजली इमारत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अशाच फडक्यांमुळे पेटली आणि तीन अग्निशामक जवान गेले. फडकी बाहेर एकेकटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

पॉलियुरेथेनचा थर लवकर झिजण्यामागे आपल्या सवयीही असतात. शहाबादी फरशीवर ओल्या फडक्यानं पुसायची रीत चालते. लाकडात पाणी सांध्यांतून उतरतं आणि पट्ट्यांच्या कडा उचलल्या जातात. नीट पिळलेलं, जेमतेम दमट फडकं पुरतं. गणपतीचा चौरंग, पाट, खुर्च्या यांच्या पायांना फेल्ट चिकटवावं. दारात चपला काढायची आपली पद्धत मात्र या जमिनीला फार मानवते, कारण चपलेखालची वाळूच पॉलिश पेपरचं काम करते.

पूर्ण घासणी काही घरांत अटळ असते: लाकूड करडं पडलंय, कुत्र्या-मांजरांच्या मुताचे डाग खोलवर गेलेत, ओरखडे लाकडात उतरलेत. तिथेही ओल कुठून येते ते आधी शोधायला हवं. ओलीनं कडा उचललेल्या असताना घासलं, तर पुढे लाकूड वाळल्यावर पट्ट्या मध्यभागी फुगलेल्या दिसतात. ठेकेदाराकडून भाव घेण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत: घासण्याजोगं लाकूड किती उरलंय, लाकडातली ओल मोजली का, आणि नुसता नवा हात देऊन भागेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर सँडर दुकानातच राहू द्यावा.