त्रिज्येतले दोन मिलिमीटर

मायट्रल झडपेच्या गळतीचा आकडा आता यंत्रच काढून देतं. प्रोब ठेवा, कलर लावा, बटण दाबा. छिद्राचं क्षेत्रफळ दशांशासकट पडद्यावर हजर. सोय चांगलीच आहे. आक्षेप आहे तो रिपोर्टाला. ज्या आकड्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय होतो, तो आला कुठून हे त्यात बहुधा एका ओळीनेही सांगितलेलं नसतं.

पिसा पद्धतीचं गणित आपल्या सगळ्यांना पाठ आहे. रंग उलटतो तिथवरची त्रिज्या मोजायची, तिचा वर्ग करायचा, ६.२८ने आणि रंग उलटण्याच्या वेगाने गुणायचं, मग गळतीच्या कमाल वेगाने भागायचं. बेसलाइन सरकवून उलटण्याचा वेग सेकंदाला ४० सेंमी ठेवला, कमाल वेग ५ मीटर मिळाला आणि त्रिज्या १ सेंमी भरली, तर छिद्र ०.५० चौ. सेंमी, म्हणजे सीव्हियर. हीच त्रिज्या ८ मिमी धरा, उत्तर ०.३२ येतं आणि रुग्ण मॉडरेटमध्ये जाऊन बसतो. हे दोन मिलिमीटर कॅलिपर जरासा वरखाली टेकला तरी जातात. रंगाखाली छिद्राची पातळी झाकली गेली, की सॉफ्टवेअरलाही ती अंदाजानेच धरावी लागते. एकाच क्लिपवर ते दरवेळी तेच उत्तर देईल, पण म्हणून ते उत्तर बरोबर ठरत नाही.

शिवाय अर्धगोल हे गृहीतक आहे. डावा कप्पा फुगल्यामुळे होणाऱ्या गळतीत छिद्र पाकळ्यांच्या सांध्यालगत चंद्रकोरीसारखं लांबट पसरतं आणि पिसा कमी आकडा दाखवते. तिथे थ्रीडीवर व्हेना कॉन्ट्रॅक्टाचं क्षेत्रफळ मोजलेलं बरं. प्रोलॅप्समध्ये नेमकं उलट. गळती सिस्टोलच्या उत्तरार्धातच होत असेल, तर सर्वांत मोठी दिसणारी एक फ्रेम उचलून काढलेला आकडा फुगलेला असतो. जेट भिंतीला चिकटून गेला असेल, तर रंगाचा पट्टा पाहून गळती किरकोळ म्हणण्याचा मोह आवरावा, हे नव्याने सांगायला नको.

२०१८ साली मायट्रल क्लिपच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. फ्रान्समधल्या मायट्रा-एफआरमध्ये क्लिपचा फायदा दिसला नाही. कोॲप्टमध्ये मृत्यूही घटले आणि हृदय निकामी होऊन पुन्हा दाखल होणंही. पहिलीत छिद्राची सरासरी ०.३१ चौ. सेंमी होती, दुसरीत ०.४१, आणि पहिलीतल्या रुग्णांचे डावे कप्पे अधिक मोठे होते. औषधोपचारातलाही फरक होताच. तरीही क्लिप कोणाला लावायची हा वाद आजही बराचसा याच दशांशांभोवती फिरतो.

आणि रक्तदाब! ओपीडीत १६०चा दाब असताना दिसलेली गळती भूल दिल्यावर टेबलावर निम्मी वाटू शकते. सर्जनने विश्वास कशावर ठेवायचा?

म्हणून रिपोर्टात आकड्याशेजारी त्रिज्या, बेसलाइनचा वेग, मोजलेली फ्रेम सिस्टोलमधली कोणती आणि तपासणीच्या वेळचा रक्तदाब एवढं लिहावं; एएफ असेल तर किती ठोक्यांची सरासरी घेतली तेही. टायपिंगला मिनिटभर लागेल. या मासिकाकडे येणाऱ्या केस रिपोर्टांना हा नियम पुढच्या अंकापासून लागू होईल. कॅलिपरसह मूळ फ्रेम जोडलेली नसेल, तर लेख परीक्षकाकडे न पाठवता लेखकाकडे परत जाईल.