आबालालांच्या गावात ब्रश खाली का?

कोल्हापुरात शाळकरी मुलांच्या चित्रांचं, डिझाइनचं प्रदर्शन भरलं की मोहल्ल्यात दोन वाक्यं ठरलेली. 'यानं पोट भरतं का?' आणि 'आपल्यात चित्र काढत नाहीत.'

पोटाचं आधी बघू. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिझायनरनं स्क्रीन आखून दिल्याशिवाय आमच्या टीमचं काम पुढं सरकत नाही, आणि त्यालाही पगार मिळतो. शिवाय इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'अ' श्रेणी आली तर दहावीला ७ वाढीव गुण.

आता दुसरं. सजीवांची चित्रं ज्याला पटत नाहीत, त्यानं काढू नयेत. पण त्याच परीक्षेत संकल्पचित्र आहे, भूमिती आहे, अक्षरलेखन आहे. विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंतींवर दुसरं काय कोरलंय? आणि शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान याच गावचे. १९३१ साली ते गेले. त्यांनी रंगवलेलं कोटितीर्थ कोल्हापूर आजही अभिमानानं सांगतं.

पोरांना आठवीतच ड्रॉइंग सोडायला लावायचं आणि प्रदर्शनात आपली नावं दिसत नाहीत म्हणून कुढायचं, हे चालणार नाही. दोस्तांनो, धाकट्या बहिणीचा परीक्षेचा फॉर्म भरा. आणि पुढच्या प्रदर्शनाला अम्मी-अब्बांना सोबत न्या.