काचेआडचा एकांत

नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर, लोक जिला चांदबिबीचा महाल म्हणतात व जी वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, त्या वास्तूच्या परिसरात काचा चढवून मोटारीत एकांत शोधणाऱ्या तरुणांविषयी मला क्रोध नव्हे, चिंता वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ अन्वये सार्वजनिक स्थळी इतरांस उपद्रव होईल अशा अश्लील कृत्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० तर इतके मोघम, की २०१५ साली मुंबईतील मालवणी पोलिसांनी हॉटेलांच्या बंद खोल्यांतील सज्ञान जोडप्यांवरही तेच लावले. मुलगी अठराच्या आतील असेल, तर बाललैंगिक अत्याचारविरोधी ‘पोक्सो’ कायद्यापुढे तिची संमती निरर्थक ठरते.

दंडाची पावती फाडून टाकता येते. परंतु कुणी मोबाइलवर टिपलेले चित्रण, त्यावरून मागितलेले पैसे आणि ठाण्यातून घरी गेलेला दूरध्वनी, यांचा भार बहुधा मुलीच्याच माथी येतो. घाईत गर्भनिरोधनाचे भान सुटते, आणि थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून बंद काचांआड बसल्यास गंधहीन कार्बन मोनॉक्साइड प्राणावर बेतू शकतो.

अविवाहित सज्ञानांस खोली नाकारावी असा कोणताही कायदा नसताना, लॉजमालक त्यांना दारातूनच परत पाठवून अशा मोटारींकडे ढकलतात, हे मला अन्याय्य वाटते.