‘एसएमबी वन चालू कर’ म्हणणाऱ्यांनो...

विंडोजच्या लॅपटॉपवरून घरातल्या लिनक्स मशीनवरचं शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही, अशी तक्रार कुणी केली की हमखास एक सल्ला मिळतो. ‘विंडोज फीचर्स’ उघडा, एसएमबी १.० वर टिक करा, रीस्टार्ट मारा. झालं! फोल्डर दिसतं आणि सल्ला देणारे काका चहा पिऊन घरी जातात. मला हा सल्ला निव्वळ बेजबाबदार वाटतो.

एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवर फाइली शेअर करायची भाषा. तिची ही पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली, आयबीएममध्ये जन्मलेली. तिच्यात एन्क्रिप्शन नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो विंडोजमधल्या याच एसएमबी वनच्या भोकातून, आणि ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. “पण त्याचा पॅच आला होता की!” आला होता ना, त्या एका भोकाचा. खुद्द मायक्रोसॉफ्ट २०१६ पासून हात जोडून सांगतंय की ही आवृत्ती वापरू नका. आणि आपण ती मुद्दाम चालू करतोय.

बरं, दुखणं बहुतेक वेळा तिथे नसतंच. लिनक्सवर हे काम सांबा नावाचं सॉफ्टवेअर करतं. त्याला एसएमबी टू २०११ पासून येतं, आणि २०१९ पासून त्यानेच एसएमबी वन मुळात बंद ठेवलंय. मग फोल्डर दिसत का नाही? कारण ‘नेटवर्क’मध्ये मशीनांची यादी दाखवायची जुनी पद्धत एसएमबी वनवर टेकलेली होती. यादी गेली, फोल्डर जागेवरच आहे! एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश, मशीनचा आयपी पत्ता, आणखी एक बॅकस्लॅश आणि फोल्डरचं नाव टाइप करा. यादी हवीच असेल तर लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम टाका. पासवर्ड सांबासाठी वेगळा घालावा लागतो, लिनक्सचा लॉगिन पासवर्ड आपोआप चालत नाही (इथे पुष्कळ जण अडकतात). आणि ‘गेस्ट’ म्हणून बिनपासवर्ड घुसणं विसरा, नवं विंडोज ते अडवतं. बरंच करतं.

चीड येते ती आणखी एका कारणाने. सांबा कुणी ताटात वाढून दिलेला नाही. ऑस्ट्रेलियात अँड्रू ट्रिजेलने १९९१-९२ च्या सुमारास तारेवरून जाणारे पॅकेट बघून बघून ही भाषा उलगडली. मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रं हाती यायला डिसेंबर २००७ उजाडला. तेही युरोपियन कमिशनने २००४ साली दिलेला आदेश कोर्टात टिकला म्हणून, आणि वर १०,००० युरो मोजून! इतकी मेहनत करून लोकांनी नवी आवृत्ती आणून दिली, आणि आम्ही म्हणतो, “लिनक्सला शेअरिंग जमत नाही.”

असो. राहिली ती डबडी, म्हणजे ज्यांना फक्त एसएमबी वनच कळतं असे जुने स्कॅनर आणि नेटवर्कच्या हार्डडिस्क. पाच वर्षांत अपडेट बंद करून नवा डबा खपवणाऱ्या कंपन्यांना शिव्या द्याच. पण तोवर स्कॅन ईमेलने पाठवा नाहीतर पेनड्राइव्हवर घ्या. एका स्कॅनरपायी घरातले सगळे लॅपटॉप उघडे टाकू नका.