सुईच्या टोकावरची पाठचिकित्सा

मराठीच्या अभ्यासकाला पाठभेदाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत छापली, आणि एकेका शब्दरूपावरून आपल्याकडे आजही पाने भरतात. हाच अभ्यासक घरी ख्यालाची एलपी मात्र हाताला लागेल त्या सुईखाली ठेवतो. कोणी रेकॉर्ड प्लेयरची कार्ट्रिज बदलली असे ऐकले, की ‘ही श्रीमंतांची हौस, गाणे महत्त्वाचे, यंत्र नव्हे’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. आशय आणि माध्यम यांची इतकी भाबडी फारकत त्याने कवितेच्या बाबतीत खपवून घेतली नसती.

दुसऱ्या बाजूला ध्वनिशौकिनांचा पंथ आहे. त्यांचे परीक्षणलेखन हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा लागेल. नवी कार्ट्रिज लावली की गायक आणि श्रोता यांच्यामधला पडदा दूर होतो. दोन वर्षांनी त्याहून महाग कार्ट्रिज येते, पुन्हा पडदा दूर होतो. एकूण पडदे किती होते, हे कोणी विचारत नाही. विशेषणांचा हा साठा कानांतून आलेला नसून एकमेकांच्या लेखांतून आलेला आहे, अशी शंका मला फार पूर्वीपासून होती. २०२२ च्या जुलैत तिला बळ मिळाले. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीची पुनर्मुद्रणे शुद्ध अॅनलॉग म्हणून नावाजली जात होती. त्यांतील बरीचशी मूळ फितीवरून थेट नव्हे, तर मधल्या डिजिटल नकलेवरून कोरलेली आहेत, हे त्या महिन्यात उघड झाले. तोवर कित्येक वर्षे लाखमोलाच्या कार्ट्रिजमधून त्याच तबकड्या ऐकून अॅनलॉगच्या उबेची वर्णने लिहिली गेली होती. यावरून कार्ट्रिज ही फसवणूक ठरत नाही. ते गद्य मात्र ठरते.

या दोघांच्या भांडणात मूळ प्रश्न हरवतो. कार्ट्रिज वाचते म्हणजे नेमके काय करते? खाचेच्या दोन्ही भिंतींवर कोरलेली लाट हिऱ्याचे टोक चाचपते. टोक ज्या बारीक दांडीवर बसवलेले असते ती हलते, आणि चुंबक व वेटोळे यांच्या साह्याने त्या हालचालीची वीज होते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात ही वीज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, कमी क्षमतेच्या मूव्हिंग कॉइलमध्ये ०.२ ते ०.५. म्हणून दुसऱ्या प्रकाराला जादा वर्धन लागते आणि खर्च वाढत जातो. पण पंथाची सारी चर्चा या विजेच्या बाजूला चालते. वाचन घडते ते टोकावर.

थोडे गणित करू. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, शेवटाकडे जेमतेम २१. दहा हजार कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन. एवढे बोथट टोक २१ मायक्रॉनच्या लाटेत उतरणार कसे? ते वळणे गाळत पुढे जाते. लंबवर्तुळाकार टोकाची बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास असते. शिबाता किंवा मायक्रोलिनियर घडणीची टोके याहूनही सूक्ष्म वाचतात. आता ख्यालाची रचना आठवा. एक राग एक बाजू व्यापत असेल तर विलंबित बाहेरच्या प्रशस्त कडेला येतो, आणि द्रुत, ताना, तबल्याचा चढता जोर हे सारे नेमके आतल्या अरुंद प्रदेशात. ‘शेवटी आवाज फाटतो’ असे ज्याच्याविषयी आपण सहज म्हणून जातो, तो गवय्याचा गळा पुष्कळदा निर्दोष असतो.

म्हणून कार्ट्रिज सुधारणे मी पाठशुद्धीचे काम मानतो, आणि तिथेच त्याची मर्यादाही मानतो. पैसा टोकाच्या घडणीवर खर्च व्हावा. २०१८ मध्ये आलेल्या ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत देह एकच ठेवून गोल, लंबवर्तुळाकार, मायक्रोलिनियर, शिबाता अशा सुया बदलता येतात. यापुढचे लाखांचे जिने चढण्याआधी कार्ट्रिज नीट बसवलेली आहे का, हे कागदी मापकावर तपासावे. त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही, म्हणूनच बहुधा त्यावर परीक्षणे लिहिली जात नाहीत. सुई जितकी हलकी तितकी तबकडी सुरक्षित, हाही एक रूढ गैरसमज. वजन कमी पडले की सुई जोरकस जागी खाचेत आदळते आणि भिंत खरवडते. वाचक पाठ बिघडवतो तो असा, आणि ही पाने पुन्हा छापली जाणार नाहीत.

प्रश्न घरच्या ऐकण्यापुरता असता तर एवढे लिहिले नसते. आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या लोक उत्साहाने संगणकावर उतरवून सर्वांसाठी ठेवतात. ते उपकारच आहेत. मात्र त्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई तळाशी जाऊन दगडमाती तुडवत चालते. तिला जी खरखर सापडते ती आपण काळाच्या खात्यावर टाकतो. मग खरखर काढण्यासाठी संगणकीय गाळणी लावली जाते आणि खरखरीबरोबर आवाजातली धारही निघून जाते. शिवाय १९५४ च्या सुमारास रूढ झालेली आरआयएएची स्वरसंतुलनाची रेषा या जुन्या तबकड्यांना लागूच नाही, आणि आरंभीच्या काळातल्या पुष्कळशा तर नेमक्या ७८ फेऱ्यांवरही मुद्रित झालेल्या नाहीत. अशा प्रतीवरून विद्यार्थी बालगंधर्वांच्या आवाजाचा पोत ठरवतो, गायकाची पट्टी मोजतो, प्रबंधात तसे लिहितो. हस्तलिखिताची सातवी नक्कल वापरून कोणी ओवीची चिकित्सा केली असती तर परीक्षकाने त्याला दारातूनच परत पाठवले असते. येथे परीक्षक प्रत कुठली, हेही विचारत नाही.

एवढे सारे तपासून झाल्यावरही कोणाला मूव्हिंग कॉइलच हवी असेल तर त्याने ती खुशाल घ्यावी. पैसे त्याचे आहेत. पडदा दूर झाल्याची बातमी मात्र त्याने स्वतःजवळच ठेवावी.