काळवीट पहिल्या अनुसूचीत, चंडोल खालच्या पायरीवर. माळ मात्र कुठल्याच यादीत नाही

रेहेकुरी (ता. कर्जत) असो की नान्नज (ता. उत्तर सोलापूर), इथल्या माळावर दोन रहिवासी हमखास दिसतात. एक काळवीट, दुसरा डोंबारी चंडोल. हवेत वर चढून सूर मारत खाली येतो, म्हणून या चिमुकल्या पक्ष्याला हे नाव पडलं. माळ एकच, पण कागदावर दोघांचा दर्जा वेगळा.

गावाकडं काळविटाला सर्रास हरीण म्हणतात. शास्त्राप्रमाणे तो गाय, शेळी, मेंढीच्या कुळातला. हरणाची शिंगं गळून नवी येतात, काळविटाची पिळाची शिंगं जन्मभर राहतात. चंडोल चिमणीसारखा दिसतो, पण गाणाऱ्या पक्ष्यांत त्याचं कुळ स्वतंत्र आहे.

जागतिक लाल यादीत दोघंही ‘कमी चिंते’च्या गटात आहेत. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मात्र काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद. चंडोलालाही संरक्षण आहे, पण खालच्या पायरीचं.

खरी मेख पुढं आहे. कायदा जनावर वाचवतो, माळ वाचवत नाही. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन. मग कुठं मुरूम उपसला जातो, कुठं प्लॉट पडतात, कुठं वृक्षलागवडीचे खड्डे. चंडोल जमिनीवरच, गवताच्या ठोंबाशी अंडी घालतो. नांगर किंवा जेसीबी फिरला की घरटं गेलं, त्याची कुठं नोंदही होत नाही.

काळविटाचं तसं नाही. गवत संपलं की कळप ज्वारी-हरभऱ्यात उतरतो. रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं; कळपाला हद्द काय कळणार? हरणांनी पीक खाल्लं तर शासनाची भरपाई आहे, पण त्यासाठी वनखात्याकडं लगेच अर्ज आणि पंचनामा लागतो. रात्रीतून शेंडे खुडलेल्या रानात नुकसान मोजायचं कसं, इथंच घोडं अडतं.

म्हणजे एकाचा तोटा दिसत नाही आणि दुसऱ्याचा तोटा शेतकऱ्याच्या माथी येतो. उपाय मात्र दोघांचा एकच. गायरान आणि वनखात्याचा माळ गवताचाच ठेवायचा, तिथं खड्डे खोदून झाडं लावायची नाहीत. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा एवढं तरी बोललं पाहिजे. गवत राहिलं तर शेळ्या-मेंढ्यांनाही चारा मिळेल आणि हरभराही वाचेल.