नांगर दिसतो, सातबारा दिसत नाही

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डे मॉइन या राजधानीलगत अर्बनडेल येथे ‘लिव्हिंग हिस्टरी फार्म्स’ नावाचे एक उघड्यावरचे संग्रहालय आहे. कृषी-अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांच्या पुढाकाराने ते १९७० साली उभे राहिले. तिकीट काढून आत शिरणाऱ्या प्रेक्षकास तेथे तीन शेते पाहावयास मिळतात : १७०० सालचे आयोवे आदिवासींचे, १८५० सालचे ‘पायोनियर’ वसाहतकाराचे आणि १९०० सालचे, घोड्यांच्या बळावर चालणारे. १८५० च्या शेतावर ओंडक्यांचे घर आहे. जुन्या पोशाखातील स्त्री विस्तवावर रांधते आहे, बाहेर बैल जुंपलेले आहेत. शहरातून आलेली मुले डोळे विस्फारून पाहतात.

या दर्शनाची थट्टा करण्याचे कारण नाही. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणाऱ्या जगात कुणब्याची हत्यारे जपणे ही मुळात लोकशाही वृत्तीच होय. आक्षेप आहे तो मांडणीवर. १७०० च्या शेतावरून १८५० च्या शेतावर जावयास काही मिनिटे पुरतात. मधली दीडशे वर्षे त्या पायवाटेत गडप होतात! विचारल्यास तेथील कर्मचारी सांगतीलही. पण न विचारणाऱ्याच्या मनावर ठसते ते इतकेच, की एक शेतकरी गेला आणि दुसरा आला. जणू ऋतू पालटला.

प्रत्यक्षात काय घडले? आयोवे जमातीने १८३८ च्या तहान्वये येथील जमिनीवरचा उरलासुरला हक्क सोडला. १८४२ च्या तहाने साउक व मेस्क्वाकी यांनाही मध्य आयोवा सोडणे भाग पडले, आणि ऑक्टोबर १८४५ मध्ये मुदत संपताच, मध्यरात्री, वसाहतकरी जमिनीवर खुणा ठोकण्यासाठी धावले. ज्या मातीवर ते बैल चालतात तिचा फेरफार असा झाला आहे.

बरे, जो ‘पायोनियर’ आला तो तरी स्वतंत्र होता काय? सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर. तेवढी रोकड त्याच्या गाठीस नसे. सैनिकांना बक्षीस मिळालेली जमिनीची हक्कपत्रे सटोडियांनी स्वस्तात गोळा केली आणि याच गरजूंना उधारीवर विकली; व्याज दरसाल चाळीस टक्क्यांपर्यंत चढे. आयोवातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक जमीन अशा हक्कपत्रांवर नोंदली गेली. संग्रहालयात शेतकरी आहे, त्याची बायको आहे, डुकरे आहेत. सावकार कोठे आहे?

आणि सावकार १८५० सालीच राहिला नाही. ऑक्टोबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच शेतांवर तीन लाखांहून अधिक लोकांपुढे भूमीच्या जपणुकीविषयी प्रवचन केले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीप्रमाणे, १९८१ साली सरासरी एकरी २१४७ डॉलरची जमीन १९८६ साली ७८७ डॉलरवर कोसळली. चढ्या भावाच्या तारणावर कर्जे उचललेल्यांच्या शेतांचे लिलाव झाले. १९३५ साली या राज्यात सुमारे २ लाख २२ हजार शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती ८७ हजारांच्या आसपास उरली. जिवंत शेतकरी असा घटत असता पोशाखातील शेतकऱ्यास पगार देऊन उभे करावे, ही व्यवस्था स्वतःवरच टीका करीत आहे.

‘पायोनियर’ या शब्दाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. हेन्री वॉलेस यांनी १९२६ साली याच राज्यात काढलेल्या संकरित मक्याच्या कंपनीने १९३५ साली हे नाव धारण केले. १९९९ साली ती ड्यूपाँटच्या घशात गेली. महाराष्ट्रातील शेतकरी त्याच नावाच्या पिशवीतून बाजरीचे आणि मक्याचे बियाणे विकत घेतो. १८५० च्या शेतकऱ्यास सावकार असला तरी घरचे बियाणे होते.

या कथेत मेस्क्वाकींना संग्रहालयाच्या कुंपणाबाहेर शोधावे लागते. हाकलले गेल्यावरही त्यांतील काहीजण परतले. १८५७ साली त्यांनी टेमा परगण्यात ८० एकर जमीन हजार डॉलर मोजून खाजगी मालकांकडून विकत घेतली. म्हणजे एकरी साडेबारा डॉलर, सरकारी भावाच्या दहापट. पुढे तुकड्यातुकड्याने घेत घेत ती आठ हजार एकरांवर गेली आहे. ते आजही तेथे राहतात.